कोयता कमरेलाच का?

पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबाची खिंड लागते. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी इथे दोन तऱ्हांची माणसं डोंगराकडे वळताना दिसतात. एक म्हणजे लोकलने पालघरला उतरून काळदुर्ग चढायला आलेले ट्रेकर. पाठीवर सॅक, सॅकच्या पोटात पाणी, विजेरी, शिट्टी, चाकू, औषधं. तहान लागली की थांबायचं, पट्टे सोडायचे, सॅक चिखलात ठेवायची, चेन उघडायची आणि हवी ती वस्तू नेमकी तळाशी सापडायची. दुसरा असतो आसपासच्या पाड्यावरचा वारली माणूस, लाकूडफाट्याला किंवा गुरांमागे निघालेला. हात मोकळे, खांदे मोकळे. कमरेला दोरी, दोरीत मागच्या बाजूला लाकडाचा लहानसा ठोकळा आणि त्या ठोकळ्याच्या खाचेत कोयता. वाटेत करवंदीची जाळी आडवी आली तर हात मागे जातो आणि कोयता बाहेर येतो. चाल मोडत नाही, नजरही मागे वळत नाही.

कोयता धारदार असतो. तो खांद्याला अडकवता आला असता, हातात धरता आला असता, पुढे खोचता आला असता. मग जिथे डोळा पोहोचत नाही अशा पाठीमागच्या जागीच तो का? आणि तो तिथे असून चालणाऱ्याला इजा का होत नाही? या प्रश्नाचा पाठपुरावा केला की अंगावर सामान कसं वागवावं याचं बरंचसं शास्त्र हाती लागतं. आज बाजारात टूल बेल्ट, ट्रेकिंग बेल्ट अशा नावांनी जे विकलं जातं, त्यामागचं शास्त्रही हेच आहे.

चालताना कोण किती हलतं

उभ्या माणसाच्या सगळ्या वजनाचा मध्य, म्हणजे गुरुत्वमध्य, साधारण बेंबीच्या थोडा खाली आणि ओटीपोटाच्या आत असतो. उंचीच्या हिशेबाने बोलायचं तर जमिनीपासून सुमारे 55 टक्क्यांवर. या जागेभोवतीच कंबरेच्या हाडांचं कडं आहे. आपण चालतो तेव्हा हे कडं प्रत्येक पावलाला जेमतेम चार-पाच सेंटीमीटर वर-खाली होतं आणि डावीउजवीकडे थोडंसं वळतं. पाय मात्र दर पावलाला थांबतो, उचलला जातो, पुढे फेकला जातो आणि पुन्हा थांबतो. हातही झुलत असतात.

दार उघडताना बिजागरीजवळ चिकटवलेला कागद जागच्या जागी फिरतो आणि कडीजवळचा कागद लांब कमान काढून येतो. कंबर ही आपली बिजागरीची बाजू आहे. तिथे बांधलेल्या वस्तूला दर पावलाला वेग द्यावा लागत नाही आणि तिचा वेग मोडावाही लागत नाही. घोट्याला बांधलेल्या वस्तूच्या बाबतीत हे दोन्ही करावं लागतं आणि त्याची किंमत स्नायू मोजतात.

ही किंमत मोजलेलीही आहे. 1969 साली सूल आणि गोल्डमन या अमेरिकी संशोधकांनी डोक्यावर, हातांत आणि पायांवर वजनं देऊन माणसांना चालवलं आणि ते किती प्राणवायू वापरतात हे तपासलं. शरीराचंच वजन तेवढ्याने वाढलं असतं तर दर किलोला जितकी शक्ती लागली असती, त्याच्या चार ते सहा पट शक्ती पायांवरच्या वजनाला लागली. डोक्यावरच्या वजनाला सव्वापटीच्या आत भागलं. हातातल्या वजनाचा खर्च सुमारे दीडपट ते दुपटीच्या आसपास निघाला. जड बुटांनी माणूस का थकतो आणि डोक्यावर हंडे घेऊन जाणाऱ्या बाया इतक्या दूरवर कशा चालतात, या दोन्हींचं उत्तर त्यात आहे. धडाजवळचं वजन स्वस्त पडतं, टोकाकडचं महाग. कंबर हा धडाचाच भाग, आणि डोक्यापेक्षा तिचा मोठा फायदा असा की हात तिथे सहज पोहोचतो.

वीतभर दोरीचा त्रास

तरीही पाण्याची बाटली पट्ट्याला अडकवून चालणाऱ्याला विचारा. दहा मिनिटांत ती मांडीवर आपटून आपटून नकोशी होते. वजन कमरेलाच आहे, मग बिघडलं कुठे?

टांगलेली वस्तू म्हणजे लंबक. लंबकाला एक झोका पूर्ण करायला किती वेळ लागेल हे त्याच्या लांबीवर ठरतं, वजनावर नाही. 25 ते 30 सेंटीमीटर लांबीच्या, म्हणजे वीतभर किंवा थोड्या अधिक लांबीच्या लंबकाला जाऊन-येऊन सुमारे एक सेकंद लागतो. आता चालीकडे बघा. मिनिटाला 110 पावलं ही साधी चाल. डावं आणि उजवं अशी जोडी धरली तर मिनिटाला 55 जोड्या, म्हणजे एका जोडीला एक सेकंदाहून किंचित जास्त. शरीर डावीउजवीकडे डोलतं ते याच तालावर. हुकाने पट्ट्याला लोंबकळणाऱ्या लिटरच्या बाटलीचा मध्य पट्ट्याखाली साधारण वीतभरच असतो. तिचा झोका आणि आपलं डोलणं एकाच तालात सापडतं, आणि प्रत्येक पावलाबरोबर झोका वाढत जातो. पदार्थविज्ञानात याला अनुनाद म्हणतात.

दोरी आखूड केली तर डावीउजवीकडचं झुलणं कमी होतं, पण पावलागणिक बसणारे पुढचेमागचे हिसके त्याच वेळी छळायला लागतात. खरा उपाय वेगळा आहे. वस्तू एका बिंदूत टांगायचीच नाही. दोन ठिकाणी पकडली, किंवा सबंध अंगाने खिशात बसवली, की ती लंबक राहत नाही. वायरमनच्या पट्ट्यावरची पक्कड चामड्याच्या खोबणीत घट्ट बसलेली असते ती म्हणूनच. पट्टा विकत घेताना किती हुक आहेत हे मोजू नका, खोबण्या कशा आहेत ते पाहा.

ओझं हाडावर

कमरेला बांधलेलं वजन शेवटी कुठे टेकतं? दोन्ही बाजूंना हात ठेवून बोटांनी चाचपलं तर नितंबाच्या हाडाची वरची कड लागते. पट्टा या कडेच्या जरा वर बसला तर त्याचा भार हाडावर आणि हाडातून थेट पायांत उतरतो. खांदे आणि कणा यांना त्याची झळ लागत नाही. मोठ्या सॅकला कंबरपट्टा असतो तो यासाठीच, आणि तो न बांधता चालणाऱ्यांना खांदेदुखीचं कारण दुसरीकडे शोधायची गरज नाही. याउलट पट्टा कडेच्या खाली घसरलेला असेल तर त्याला खाली टेकू नसतो. तो फक्त घर्षणावर टिकतो, म्हणून माणूस तो आवळतो, आणखी आवळतो.

आवळण्याचा त्रास पट्ट्याच्या रुंदीवर ठरतो. ताण तेवढाच ठेवून रुंदी दुप्पट केली की त्वचेवरचा दाब निम्मा होतो. कडदोऱ्यासारखी बारीक दोरी नुसत्या कोयत्याला पुरते, कारण वजन थोडं. दोन किलोंचं सामान त्याच दोरीला लावलं तर ती मांसात रुतेल. निदान चार-पाच सेंटीमीटर रुंद पट्टा हवा.

इथे एक दुखणं नीट सांगायला हवं, कारण ते कमरेचं आहे हे लोकांच्या लक्षात येत नाही. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक, जे हाताला टोचतं, त्याच्या अगदी जवळून एक चेतातंतू मांडीच्या बाहेरच्या बाजूला जातो. त्याचं काम फक्त त्वचेची संवेदना पोहोचवणं. घट्ट पट्टा त्याच्यावर रोज दाबत राहिला तर मांडीच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या येतात, आग होते, कधी भाग बधिर होतो. पोलीस, सैनिक, सुतार यांच्यात हे दिसतं. मांडीवर मलम चोळून काही होत नाही. पट्टा सैल केला किंवा वजन दुसरीकडे हलवलं की बहुतेकांना आराम पडतो. तरीही टिकून राहिलं तर डॉक्टरांना दाखवावं आणि आपण पट्टा वापरतो हे आवर्जून सांगावं.

कंबर घट्ट बांधली की ओझं उचलताना पाठ वाचते, असा समजही फार जुना आहे आणि कारखान्यांत माल चढवणारे रुंद पट्टे लावतात ते त्याच विश्वासाने. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेने 1994 साली उपलब्ध संशोधन तपासलं. निरोगी कामगाराची पाठ अशा पट्ट्याने दुखापतीपासून वाचते याला पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. चढावर तर घट्ट पट्टा उलटा नडतो. श्वास घेताना पोट पुढे यावं लागतं, ते येऊ दिलं नाही तर दम लवकर लागतो.

ठोकळा, खाच आणि पातं

आता कोयत्याकडे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे ज्याला आकडी म्हणतात तो हा ठोकळा जवळून पाहण्यासारखा आहे. हाताच्या पंज्याएवढं टणक लाकूड, त्याला मधोमध आरपार खाच, आणि दोन्ही टोकांना दोरी ओवायची सोय. कोयत्याचं पातं वरून खाचेत सोडलं की मूठ वर राहते आणि पातं खाली. कोयता मध्यावर धरला गेला, म्हणजे झुलायला मोकळी लांबी उरली नाही. वापरून वापरून खाच पात्याच्या मापाची होते, त्यामुळे तो खडखडतही नाही. पात्याचं टोक वळलेलं असतं. ते सरळ ओढून निघत नाही, मूठ जरा कलती करून उपसावं लागतं. वाकलं, उडी मारली, बांध ओलांडला तरी कोयता आपण होऊन बाहेर येत नाही याचं कारण ते वळण. ठोकळ्याच्या जाडीमुळे पातं अंगापासून दूर राहतं. कातड्याचं म्यान पावसात भिजतं, कुजतं, त्यात चिखल भरतो. खाच दोन्हीकडून उघडी असल्याने पाणी निथळून जातं. या हवामानासाठी याहून चांगली रचना मला तरी सुचत नाही.

पाठीमागेच का, याचं उत्तर चढण्यात आहे. पालघर-डहाणूच्या पट्ट्यात ताड भरपूर. ताडी काढणारा माणूस 15-20 मीटर उंच खोडावर सकाळ-संध्याकाळ चढतो, कारण फुलोऱ्याच्या दांड्याचं टोक रोज दोनदा तासावं लागतं. ते तासलं नाही तर छेद सुकतो आणि रस गळायचा थांबतो. चढताना छाती, पोट आणि मांड्या खोडाला घासून जातात. पुढे काही अडकवलं तर ते मधे येणार. कुशीला अडकवलं तर हाताच्या हालचालीत येणार आणि रानातून जाताना झुडपांत गुंतणार. उरते ती पाठीची जागा. देशभर पोहोचलेल्या वारली चित्रांत ताडावर चढलेला माणूस हमखास असतो, त्या आकृतीची पुढची बाजू आणि खोड यांत जागाच नसते हे पाहून घ्यावं.

डोळ्यांना दिसत नाही ही मात्र अडचण ठरत नाही. आपले हातपाय कुठे आहेत हे मेंदूला स्नायू आणि सांध्यांतून सतत कळत असतं. याला स्थानसंवेदना म्हणतात. अंधारात घास तोंडातच जातो तो तिच्यामुळे. वस्तू रोज त्याच जागी, त्याच कोनात असेल तर हात तिथे न चुकता जातो. मात्र जागा एकदा बदलली की ही सवय निरुपयोगी होते. म्हणून पट्ट्यावर कुठली वस्तू कुठे, हे ठरवून मग वर्षानुवर्षं न बदलणं हा पट्टा वापरण्याचा पहिला नियम आहे.

ट्रेकरने मात्र मागे टणक वस्तू लावायची ही रीत जशीच्या तशी उचलू नये. पावसात निसरड्या उतारावर सरावाचा नसलेला माणूस पडतो तो बहुधा मागे, बुडावर. त्या वेळी कण्याखाली टणक वस्तू आली तर कण्याला इजा होऊ शकते. ज्याचे पाय त्या वाटेवर लहानपणापासून बसलेत त्याची गोष्ट वेगळी. आपण कण्याची जागा मोकळी ठेवावी आणि वस्तू कमरेच्या दोन बाजूंना, जरा मागे सरकवून लावाव्यात.

कमरेला लावायची वस्तू फक्त कोयताच असते असं नाही. पावसाळ्यात शेतात, ओहोळात हातजाळ्याने मासे धरणाऱ्या बाया बांबूची टोपली कमरेला बांधतात, कारण जाळं सोडून मासा दूरच्या टोपलीत टाकायला गेलं तर तेवढ्यात दुसरा निसटतो. जुन्या व्यापाऱ्यांचा पैशांचा कसा कमरेलाच असे. ही सोय मानवाला किती आधी सुचली याचा एक पुरावा आल्प्सच्या बर्फात 1991 साली सापडला. सुमारे 5,300 वर्षांपूर्वी मेलेल्या एका माणसाच्या पट्ट्याला वासराच्या कातड्याचा बटवा होता. त्यात गारगोटीची तासणी, छिद्र पाडायचं टोकदार हत्यार, एक पातळ कपची, हाडाचा दाभण आणि आग पेटवायला लागणारी वाळवलेली बुरशी होती. धार, टोक आणि आग. जे क्षणात लागतं ते कमरेला आणि बाकीचं पाठीवर, ही वाटणी त्यानेही केलेली होती.

> चौकट : काळदुर्ग किंवा आशेरी गडावर जाताना
> कमरेला: शिट्टी, लहान विजेरी, घडीचा चाकू, अर्ध्या लिटरची बाटली (खोबणीत), प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला फोन, जंतुनाशक आणि पट्टीची पुडी, जलसंजीवनीचं एक पाकीट.
> पाठीवर: उरलेलं पाणी, जेवण, रेनकोट, दोर, सुके कपडे.
> कमरेवर एकूण दीड-दोन किलोंच्या वर नको. दोन्ही बाजूंचं वजन सारखं असावं. शिट्टी अशी लावावी की पडल्यावर कुठल्याही हाताने ओठापर्यंत नेता येईल. अपघात झाला तर रुग्णवाहिकेसाठी 108.

वागवणारा पट्टा आणि झेलणारा पट्टा

बोईसरला उतरून तारापूर औद्योगिक वसाहतीकडे गेलं की कमरेच्या पट्ट्याचा दुसरा अवतार भेटतो. रंगकाम करणारे, पाइप जोडणारे, टाक्यांवर चढणारे कामगार. इथे एक गोंधळ जिवावर बेततो. हत्यारं वागवायचा पट्टा वेगळा आणि पडणाऱ्या माणसाला झेलायचा पट्टा वेगळा. नुसता कमरेचा पट्टा दुसरं काम कधीच करू शकत नाही.

हिशेब सोपा आहे. दोर ताणला जाईपर्यंत माणूस 2 मीटर पडला आणि मग 20 सेंटीमीटरच्या आत थांबला, तर त्याच्यावर सरासरी त्याच्या वजनाच्या 11 पट जोर येतो. 70 किलोच्या माणसासाठी 770 किलो. कमरेच्या पट्ट्यात हा सगळा जोर पोटावर येतो. तिथे बरगड्यांचं पुरेसं संरक्षण नाही. यकृत, प्लीहा, आतडी आणि मागे कणा. शरीर मधोमध दुमडतं. माणूस पट्ट्यातून निसटूही शकतो. अमेरिकेने 1 जानेवारी 1998 पासून पडणाऱ्याला झेलण्यासाठी नुसता कमरपट्टा वापरायला बंदी घातली ती यामुळे. त्याऐवजी सर्वांगाचा हार्नेस असतो. त्याचे पट्टे खांद्यांवरून आणि मांड्यांभोवती जातात आणि दोर पाठीवर, दोन खवाट्यांच्या मधे लागतो. जोर मांड्या, कंबरेचं हाड आणि छाती यांत वाटला जातो आणि माणूस उभाच लटकतो. दोरात उसवत जाणाऱ्या शिवणीची एक घडी असते. ती उसवत मीटरभर लांबली तर थांबायला मीटरभर अंतर मिळतं, आणि वरच्याच उदाहरणात जोर 11 पटींवरून 3 पटींवर येतो.

हार्नेसमध्ये नुसतं लटकत राहणंही धोक्याचं. पाय हलत नसले की रक्त पायांत साचतं आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्याला काही मिनिटांत उतरवायची तयारी आधीच हवी. आपल्याकडच्या कारखाने अधिनियम, 1948 मध्ये कलम 32 होतं. उंचीवरून पडायचा संभव असेल तिथे कठड्याने किंवा अन्य मार्गाने संरक्षण द्यायची जबाबदारी त्याने कारखान्यावर टाकली. ठेकेदाराने कमरेचा पट्टा हातात दिला आणि म्हणाला, घे, बांध, तर कामगाराने हार्नेस मागावा. हे मागणं हक्काचं आहे.

पट्ट्यावरच्या हत्याराचाही विचार हवा. अर्ध्या किलोचा पाना 20 मीटरवरून सुटला तर जमिनीशी त्याचा वेग ताशी 70 किलोमीटरच्या वर असतो. खालच्याचं हेल्मेट अशा वेळी पुरेलच असं नाही. म्हणून उंचीवरचं प्रत्येक हत्यार बारीक दोरीने पट्ट्याला बांधलेलं असावं. हातातून निसटलं तरी ते मांडीशी लोंबकळेल. जमिनीवर चालताना लोंबकळणारी वस्तू वाईट आणि उंचीवर तीच चांगली, हे ध्यानात ठेवावं.

खारं पाणी, पाऊस आणि बक्कल

सातपाटी, दांडी, नवापूरच्या होड्यांवर परीक्षा वेगळी असते. जाळं समुद्रात सुटत असताना पट्ट्याचा उघडा हुक किंवा बाहेर आलेली मूठ जाळ्यात अडकली तर माणूस जाळ्याबरोबर ओढला जातो. तिथे पट्ट्यावर बाहेर काही डोकावू नये, आणि एक सुरी मात्र असावीच, अडकलेली दोरी कापायला. पट्टा एका हाताने, ओल्या बोटांनी सुटला पाहिजे. पाण्यात पडल्यावर कमरेची दोन-तीन किलो लोखंडी हत्यारं पोहणाऱ्याला खाली ओढतात. पाणबुडे वजनाचे पट्टे लावतात तेही झटक्यात सुटणारे असतात ते याच कारणाने.

कापडाचा भाग नायलॉनचा असेल तर तो भिजल्यावर थोडा लांबतो. कोरडा असताना नीट बसलेला पट्टा पावसात तासाभराने घसरू लागतो. अशा वेळी तो पुन्हा ओढून बसवावा, पण घरी आल्यावर त्याच खुणेवर सोडू नये, वाळून तो आवळतो. पॉलिस्टर पाण्याने फारसं बदलत नाही, म्हणून किनाऱ्यावर तेच बरं. सुती दोरी भिजली की फुगते आणि गाठ सुटता सुटत नाही. घामातलं मीठ आणि हवेतला खार यांनी लोखंडी बक्कल आतून गंजतं. वरून ते चकचकीत दिसतं, बिघाड असतो तो खिट्टीच्या सांध्यात. समुद्रावरून आल्यावर पट्टा गोड्या पाण्यात खळखळून सावलीत वाळवावा, आणि बक्कल दहा-वीस वेळा उघडून मिटून बघावं. अडखळलं तर बदलावं.